बॅटरी उतरलीय, काकू (गीता अध्याय ३, श्लोक १२ व १३)



आजच्या वाचनात कर्मयोगाचा अध्याय आहे, त्यातले बारावा आणि तेरावा हे दोन श्लोक. पुस्तक जवळ असेल तर आधी ते उघडून वाचा, मग इकडे या. मी हे श्लोक कितीतरी वेळा वाचलेत, पाठही आहेत. पण मे २०२५ मध्ये आमच्या भवानीनगरला जे झालं त्यानंतर ते म्हणताना माझा आवाज थोडा खाली जातो. हा प्रसंग लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारूनच आज लिहितोय.

आधी साध्या भाषेत अर्थ. भगवंत अर्जुनाला सांगतात, की तुम्हाला जे मिळतं ते देवतांकडून मिळतं. ते भोगायचं आणि त्यातलं काहीच परत द्यायचं नाही, असं जो वागतो त्याला चोर म्हणावं. पुढच्या श्लोकात ते ताटावर येतात. सगळ्यांना देऊन जे उरतं ते खाणारा मोकळा होतो, आणि जो फक्त स्वतःपुरतं शिजवतो तो पाप खातो.

मला हा "चोर" शब्द नेहमी जरा जास्तच कडक वाटायचा. मी कुणाचं काही घेत नाही, पगार कष्टाचा, टॅक्स कापून येतो, बिलं वेळेवर जातात. मी कसला चोर?

तर ऐका.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मी पुण्याहून घरी गेलो होतो, चार दिवस तिथूनच काम करायचं म्हणून. मान्सून यायच्या आधीच पाऊस असा कोसळला, की म्हातारी माणसंही म्हणाली असा मे पाहिला नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यात ओढ्यांनी रस्ते गिळले. रविवारी २५ तारखेला पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. पाणी शेतात, घरात, रस्त्यावर. बचाव पथकं आली. आमच्या वस्तीवर पाणी घरात शिरलं नाही, पण त्याच संध्याकाळी वाऱ्यात लाईट गेली. एक बाभूळ तारांवर पडली, दोन खांब वाकले.

पहिल्या रात्री कुणाला काही वाटलं नाही. गावाकडं लाईट जाते आणि येते. दुसऱ्या दिवशी मात्र घर हळूहळू थांबायला लागलं. बोअर बंद, म्हणून टाकी रिकामी. संकरित गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागतं. ज्यांच्याकडं सहा-सात गाई, त्यांनी हंड्यानं किती ओढायचं? दूध काढायचं मशीन बंद, म्हणून हातानं धारा. काढलेलं दूध गार करायची सोय नाही, तासातासाला ते नासायच्या जवळ जातंय. थ्री फेज नाही म्हणून गिरणी बंद, दळण तसंच. मोबाईलच्या टॉवरची बॅटरी संपली आणि रेंज गेली. मधूनच एखादी काडी यायची, की सगळी वस्ती हात वर करून अंगणात.

आमच्याकडं इन्व्हर्टर आहे. दोनच वर्षांपूर्वी मीच बसवून दिला, आईला रात्री अंधार नको म्हणून.

सोमवारी संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. हातात साधा फोन. म्हणाल्या, "जरा चार्जिंगला लावतोस का रे? बंद पडलाय. आजीला बरं नाही, लेकीला कळवायचंय." आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई. दम्याचा जुना त्रास, पावसाळी हवेत वाढतो.

माझं त्या रात्री एक काम अडकलं होतं. रेंज आली की कोड चढवायचा होता, क्लायंट पलीकडं वाट बघत होता. बॅटरी जपून वापरायची असं मी ठरवलं होतं. आज एक फोन लावला तर उद्या दहा येतील, असंही मनात आलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "बॅटरी उतरलीय, काकू."

आई दारातच उभी होती. ती काही बोलली नाही. काकू "बरं बरं" म्हणून परत गेल्या.

रात्री खिडकीपाशी लॅपटॉप उघडून मी रेंजची वाट बघत बसलो. रेंज काही आली नाही. मग वेळ जावा म्हणून काय केलं सांगू? या ब्लॉगसाठी पोस्ट लिहायला घेतली. विषय होता, बाहेरचा दिवा विझला की आतला दिवा कसा लागतो. छान जमत होती. अंधार म्हणजे अंतर्मुख व्हायची संधी वगैरे. बाहेर बेडूक ओरडत होते, वातावरण एकदम साधनेचं.

पहाटे दोनच्या सुमारास पलीकडं मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज आला. मी वर बघितलं आणि परत लिहायला लागलो.

सकाळी आईनं सांगितलं. आजींना रात्री धाप लागली. घरात नेब्युलायझर होता, औषध होतं, वीज नव्हती. बारामतीकडं जायचं धाडस कुणाला झालं नाही, रस्त्यावर पाणी. काका आणि मुलगा मध्ये आजींना धरून, पावसात, मोटारसायकलवर गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. तिथं जनरेटर होता. आजींना आराम पडला. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. आजही बऱ्या आहेत. पण त्यात माझा काहीही वाटा नाही.

त्या दिवशी मी एक हिशोब केला. इंजिनिअर माणूस, पश्चात्तापही आकड्यात करतो. आमची बॅटरी १५० ॲम्पिअर-तासांची, १२ व्होल्टची. म्हणजे भरलेली असताना कागदावर १८०० वॅट-तास. काकूंचा फोन पूर्ण चार्ज व्हायला जास्तीत जास्त वीस लागले असते, म्हणजे शंभरातला एक भाग. नेब्युलायझर साधारण शंभर ते दीडशे वॅटचा, एक डोस दहा-पंधरा मिनिटांचा. तीस-पस्तीस वॅट-तासांत काम झालं असतं. माझा लॅपटॉप तेवढी वीज अर्ध्या-पाऊण तासात खातो. आणि त्या रात्री मी जवळजवळ चार तास बसलो होतो, आतल्या दिव्यावर लिहीत.

ती पोस्ट मी डिलीट केली.

आता श्लोकाकडं परत येऊ. "माझ्या पैशानं घेतलेला इन्व्हर्टर, मी बिल भरलेली वीज, मग मी चोर कसा?" हा प्रश्न मी स्वतःला खरंच विचारला. उत्तर शोधताना ती वीज आली कुठून हे बघत मागं मागं गेलो.

बॅटरीत जे साठलं होतं ते रविवारपर्यंत तारेतून आलेलं. त्या तारेच्या मागं आमची डीपी, डीपीच्या मागं अकरा हजार व्होल्टचा फीडर, त्याच्या मागं सबस्टेशन, आणि त्याच्या मागं सगळा महाराष्ट्र. चंद्रपूरला कोळसा जळतो, तिथं पाळीवर कुणीतरी जागं असतं. कोळसा खाणीतून येतो, तिथंही कुणाचे तरी हात असतात. कोयनेचं पाणी पडतं तेव्हा वीज होते, आणि त्या पाण्यासाठी, शिवसागर जलाशयासाठी, माणसांनी आपली गावं सोडली आहेत. मी बिलात युनिटची किंमत भरतो. गाव सोडलेल्या माणसाचं ऋण त्या बिलात कुठल्याच ओळीत नसतं.

गीतेत पुढच्याच श्लोकांत हे चक्र सांगितलंय. अन्नापासून प्राणी, पावसापासून अन्न, यज्ञापासून पाऊस, कर्मापासून यज्ञ. आणि मग सांगितलंय, की हे फिरतं चक्र जो पुढं चालवत नाही त्याचं जगणं वाया. ज्ञानेश्वर माउली इथं यज्ञाचा अर्थ स्वधर्म असा घेतात, म्हणजे आपल्या वाट्याला आलेलं काम नीट करणं. म्हणजे इथं तूप आणि समिधा शोधत बसायची गरज नाही. त्या सोमवारी माझ्या वाट्याला आलेला यज्ञ होता एक वायर आणि एक प्लग. चक्र माझ्या दारापर्यंत फिरत आलं आणि माझ्यापाशी थांबलं. चोर शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. दुसऱ्याचं उचलणं ही चोरीच, पण आलेलं पुढं न देणं हीसुद्धा चोरी.

हे चक्र चालवणारी माणसं मी बुधवारी डोळ्यांनी बघितली. वायरमन आणि त्याच्याबरोबर दोन हेल्पर, चिखलात गुडघ्यापर्यंत. लोक त्यांच्यावर ओरडत होते, "आमच्याकडं कधी येणार?" मोठ्या लाईनीचं काम आधी, मग सबस्टेशन, मग फीडर, मग एकेक डीपी, सगळ्यात शेवटी वस्ती, असा तो क्रम असतो. त्यात कुणाशी वैर नसतं. लाईनीच्या कडेनं चालत जाऊन फॉल्ट शोधायचा, खराब तुकडा तोडून बाजूला ठेवायचा, उरलेला चालू करून बघायचा. माझ्या कामात मी खुर्चीवर बसून असंच बग शोधतो. ते लोक ओल्या खांबावर चढून शोधतात.

त्यातल्या एकानं वर चढायच्या आधी विचारलं, "इथं कुणी घरात जनरेटर लावलाय का?" का विचारतोय ते मला माहीत होतं. चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर घराच्या वायरिंगला जोडला, तर करंट उलटा तारेत जातो. डीपीतून उलटा गेला की तो परत हजारो व्होल्टचा होतो. मेलेली लाईन समजून हात लावणारा माणूस जागेवर जातो. स्वतःपुरता उजेड करणं कधी कधी इतकं शब्दशः पाप असतं. तेराव्या श्लोकावर याहून स्पष्ट भाष्य मी ऐकलेलं नाही.

आमचा अंधार तीन रात्रींचा. कोकणातला माझा एक मित्र हे ऐकून हसला. तो श्रीवर्धन तालुक्यातला. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ तिथंच, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. कोरोनाचे दिवस. नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली आणि विजेचे खांब तर मोजता येऊ नयेत इतके पडले. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्यांतून वायरमन मंडळी तिकडं गेली, परक्या गावात राहिली, खांब उभे केले.

मी त्याला विचारलं, इतके दिवस कसे काढलेत? तो म्हणाला, "पहिला आठवडा सगळे आपापली मेणबत्ती जपत होते. मग मेणबत्त्या संपल्या." त्यांच्या वाडीनं वर्गणी काढून जनरेटर भाड्यानं आणला. तो दारोदार फिरवायचा, प्रत्येकाची टाकी भरेपर्यंत थांबायचं, त्याच वेळी त्या घरातले आणि शेजारचे फोन लावून घ्यायचे. पहिला नंबर कुणाचा हेही ठरलेलं होतं. ज्या घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण, ते घर आधी. मी म्हटलं, ही तर गीताच झाली. तो म्हणाला, "गीता वगैरे माहीत नाही बाबा, डिझेल महाग होतं."

हा विषय फक्त गैरसोयीचा नाही, हे जगानंही पाहिलंय. सप्टेंबर २०१७ मध्ये प्वेर्तो रिको बेटावर मारिया वादळ आदळलं. सगळ्या बेटावर वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. सरकारी नोंदीत सुरुवातीला ६४ मृत्यू होते. पुढं विद्यापीठाच्या अभ्यासातून वादळानंतरच्या साधारण सहा महिन्यांतला अंदाज आला २,९७५. वादळ एका दिवसात निघून गेलं होतं. पण त्यानंतर वीज, औषधोपचार, रस्ते सगळं मोडून पडलेलं होतं, आणि माणसं त्या लांबलेल्या काळात गेली. त्यातल्या प्रत्येक घराला शेजारी असणारच. मला तो आकडा वाचताना आमच्या शेजारचं दार आठवतं.

लाईट बुधवारी रात्री आली. गुरुवारी सकाळी मी काकूंकडं गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकू, त्या दिवशी बॅटरी उतरली नव्हती."

त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला."

मी गप्प.

"तुझ्या खोलीत रात्री उजेड दिसत होता की. सगळीकडं मिट्ट काळोख, तेवढीच एक खिडकी."

मी विचारलं, "मग आजींना त्रास व्हायला लागला तेव्हा का नाही आलात? हाक का नाही मारली?"

काकूंनी मेथीची काडी मोडली. म्हणाल्या, "एकदा नाही म्हटलेल्या दारात परत कसं जायचं रे, अपरात्री?"

यावर माझ्याकडं काही नव्हतं. त्यांनी चहा ठेवला. मी प्यायलो. आजी आतून म्हणाल्या, "कोण आलंय?" काकू म्हणाल्या, "शेजारचा." त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

मी अजूनही त्या वाक्यापाशी अडकलेला आहे. मला वाटलं होतं मी एका फोनला नाही म्हणतोय. खरं तर मी एक दार बंद करत होतो, आणि पुढं जे काही येणार होतं तेही त्याच दाराबाहेर राहिलं. आपण स्वतःपुरतं शिजवतो तेव्हा समोरचा फक्त त्या वेळचा उपाशी राहत नाही. तो परत मागायचं सोडतो. हे नुकसान कुठल्या वॅट-तासात मोजायचं, मला येत नाही.

महिन्याभरानं तुकोबारायांची पालखी आली. बारामतीहून निघाली की काटेवाडीवरून आमच्या भवानीनगरातून पुढं सणसरला मुक्काम. त्या दिवशी आमच्याकडं कुणीच स्वतःपुरतं शिजवत नाही. पिठलं-भाकरी, आमटी, चहा, ज्याला जे जमेल ते. ज्यांना चोर शब्द लावताच येणार नाही अशी माणसं बघायची असतील, तर तेव्हा या. त्या वर्षी मी रस्त्याकडेला एक टेबल टाकलं, इन्व्हर्टर बाहेर आणला आणि चार एक्स्टेंशन बोर्ड लावले. वारकऱ्यांचे फोन चार्जिंगला. काकूंचा मुलगा दिवसभर माझ्याबरोबर बसला, कुणाचा फोन कुठला याच्या चिठ्ठ्या करत. याला प्रायश्चित्त म्हणणार नाही मी. एवढ्यानं ती रात्र फिटत नाही. पण हाताला पुढं द्यायची सवय लागावी म्हणून कुठूनतरी सुरुवात करायची होती.

तुमच्यातले बरेच जण पुण्यात, मुंबईत फ्लॅटमध्ये राहता. लिफ्टला बॅकअप, घरात इन्व्हर्टर, हातात पॉवरबँक. आपल्या पिढीला अंधार फार कमी वाटून घ्यावा लागतो, म्हणून उजेड वाटून घ्यायचीही सवय नाही. "अंधारात आतला दिवा लावा" हे आपण पटकन लिहितो, कारण आपला बाहेरचा दिवा चालू असतो. मी तर लिहीतच होतो. आतला दिवा खोटा नाही, संतांनी तो पाहिलाय. पण तो लागलाय की नाही हे ओळखायची एक खूण आहे. शेजाऱ्यानं काही मागितल्यावर आपल्या तोंडातून पहिलं वाक्य कुठलं येतं, ते बघायचं.

आजचा अभ्यास नेहमीसारखा छोटाच.

पावसाळ्याआधी आपल्या मजल्यावर, वस्तीवर एकदा फिरा. कुणाकडं नेब्युलायझर आहे, ऑक्सिजनचं मशीन आहे, फ्रिजमध्ये इन्सुलिन आहे, हे माहीत करून घ्या. दम्याच्या माणसाला विजेशिवाय चालणारा इनहेलर आणि स्पेसर चालेल का, हे घरच्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, मोकळ्या हवेत, आणि चेंजओव्हर स्विच बसवूनच. पडलेल्या तारेजवळ कुणाला जाऊ देऊ नका. वायरमन आला तर आधी पाणी विचारा, मग "कधी येणार लाईट" ते विचारा.

आणि लाईट गेल्या गेल्या, शेजाऱ्यानं येऊन मागायच्या आधी, आपणच त्याच्या दारात जाऊन सांगा, "आमच्याकडं बॅटरी आहे. रात्री कधीही लागलं तर हाक मारा."

मी आता घरी असलो आणि लाईट गेली, की हे सांगायला जातो. काकू हसतात, म्हणतात, "आत्ता तर गेलीय, येईल की दहा मिनिटांत." तरी मी सांगून येतो.

राम कृष्ण हरी.